छोटी टू-सीटर स्पोर्ट्स कार कशी पारखावी आणि कशी ट्यून करावी

कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना वाघबीळनंतर रस्ता वळणे घेत चढू लागतो, आणि हलकी टू-सीटर गाडी किती आनंद देऊ शकते हे त्या चढावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगातसुद्धा कळते. बसण्याची जागा जमिनीलगत असते, मागे सीट नसते, डिकी नावापुरती असते आणि स्टिअरिंग जरा हलवले की गाडी लगेच वळणाकडे वळते. भरपूर ताकदीच्या गाडीची मजा अनुभवण्यासाठी जो वेग गाठावा लागतो, तो आपल्या रस्त्यांवर सुरक्षितही नसतो आणि कायद्यातही बसत नाही. छोट्या गाडीचा आनंद मात्र रोजच्या वेगात मिळतो. याचे कारण तिचे वजन कमी असते. ही गोष्ट एकदा पटली की कोणती गाडी घ्यावी, पैसे आधी कशावर खर्च करावेत आणि इंजिनाला हात केव्हा लावावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात.

हिशेब साधा आहे. आठशे किलो वजनाच्या आणि साठ अश्वशक्तीच्या गाडीतून चाळीस किलो वजन कमी केले, तर वजनाच्या प्रमाणात तिची ताकद तीन अश्वशक्तींनी वाढल्यासारखी होते. मात्र इंजिनातून काढलेल्या तीन अश्वशक्ती फक्त वेग घेताना उपयोगी पडतात, तर कमी केलेले चाळीस किलो वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना असे तिन्ही वेळा उपयोगी पडतात. शिवाय टायर कमी झिजतात आणि पेट्रोलही वाचते. १९६२ सालच्या लोटस इलानने पोलादी कण्यावर फायबरची बॉडी बसवून हेच दाखवले आणि १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली तीही त्याच विचाराने. त्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये १.६ लिटरचे इंजिन होते आणि गाडीचे वजन सुमारे ९५० किलो होते. सर्व पिढ्या मिळून एमएक्स-५ च्या दहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आहेत. जपानमध्ये १९९१ साली आलेल्या सुझुकी कॅपुचिनो आणि होंडा बीट या गाड्या तर त्याहून छोट्या. तिथल्या छोट्या गाड्यांच्या नियमांमुळे त्यांची इंजिने ६६० सीसीच्या आत आणि उत्पादकांच्या आपसातल्या समजुतीमुळे ताकद ६४ अश्वशक्तींपर्यंतच होती, तरीही त्या आजपर्यंत जिवापाड जपल्या जातात. कॅपुचिनोचे तीन सिलिंडरचे इंजिन हे आपल्या मारुती ८०० च्या इंजिनाच्याच घराण्यातले आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपल्याकडे या वर्गातली परवडणारी गाडी म्हणावी तर ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, हूड म्हणजे उघडता येणारे कापडी छप्पर, रेनोचे ११४९ सीसीचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद, अशी तिची रचना आहे. ती फार थोड्या संख्येने विकली गेली, त्यामुळे मिळणे अवघड असते. मिळाली तर इंजिनाच्या बारीकसारीक भागांसाठी शोधाशोध करण्याची तयारी ठेवावी. एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. जुनी गाडी परदेशातून मागवायची म्हटले, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी, अशा अटी आहेत. त्यात आयात शुल्क मिळवले की ‘परवडणारी’ हा शब्द उरतच नाही. म्हणून कागदपत्रे चोख असलेली, इथेच नोंदणी झालेली गाडी शोधणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

गाडी पाहायला जाताना लहान लोहचुंबक, टॉर्च आणि जुना स्क्रू ड्रायव्हर सोबत न्यावा. फायबरला किंवा पुटीला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे बॉडी पत्र्याची असेल तर पुटी भरून झाकलेली जागा चुंबक लगेच दाखवतो, आणि बॉडी फायबरची असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा शोधाव्यात. त्या चिरांच्या मध्यभागी कधीतरी आघात झालेला असतो. खरी परीक्षा मात्र खाली असते. फायबर गंजत नाही, पण त्याच्या आतली पोलादी चौकट गंजते, आणि वरून गाडी नव्यासारखी दिसते म्हणून हा गंज वर्षानुवर्षे लपून राहतो. माझ्या पहिल्या गाडीचा रंग पाहून मी व्यवहार केला आणि पावसाळ्यानंतर सीट बदलताना गालिचा उचलला, तेव्हा सीटच्या बोल्टांभोवतीचा पत्रा बोटाने दाबताच आत गेला. विकणाऱ्याने त्यावर डांबरी लेप देऊन नवा गालिचा अंथरला होता. तेव्हापासून मी गालिचा उचलल्याशिवाय किमतीचा विषयच काढत नाही. हूड असलेल्या गाडीत पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. त्या पानांनी आणि मातीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ भागात साठते आणि पत्रा आतून गंजू लागतो. एमएक्स-५ च्या जुन्या गाड्यांत मागच्या चाकांपुढचा भाग याच कारणाने गंजतो. कोल्हापूर-गगनबावडा पट्ट्यातल्या पावसात राहिलेल्या गाडीच्या नळ्यांत तांब्याभर पाणी ओतून ते खाली गळते की नाही, हे पाहावेच.

इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब निर्माण करतो याची चाचणी, करून घ्यावी. आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचे. दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

ट्यूनिंगला हात घालण्याआधी कायदा नीट समजून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोठे इंजिन, कर्कश सायलेन्सर, चौकटीत कापाकापी यांचा विचार म्हणूनच सोडून द्यावा. अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारण्याचे कारणही असे बदल ठरू शकतात. कंपनीच्या मापात राहून गाडी उत्तम करणे हेच खरे ट्यूनिंग आहे आणि त्यात करण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले काम वजन मोजण्याचे. आपल्या जिल्ह्यात उसाच्या निमित्ताने वजनकाट्यांची वाण नाही. हंगाम संपल्यावर, काटा मोकळा असताना, आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी आणि शेवटी फक्त मागची चाके. काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो, तेव्हा दोनदा मोजावे. एकूण वजन ८०० किलो आणि पुढचे ४८० किलो आले, तर पुढे साठ टक्के भार आहे असे समजावे. आता गाडीत आधीच्या मालकाने काय काय भरले आहे ते पाहावे. मोठे स्पीकर आणि त्यांची लाकडी पेटी, दोन-दोन थर दिलेले लॅमिनेशन, जाड लोखंडी गार्ड, जड अलॉय व्हील हे सारे काढले की तीस-चाळीस किलो सहज कमी होतात आणि त्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही. जॅक, पाना आणि स्टेपनी मात्र काढू नये.

त्यानंतर टायर. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षे झालेल्या टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेले असते आणि ओल्या घाटात ते घसरते. माप बदलायचे असेल तर उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतच बदलावे आणि एकूण व्यास जपावा. उदाहरणार्थ १५५/८० आर १३ चा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर आणि १७५/७० आर १३ चा सुमारे ५७५ मिलिमीटर भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. सोळा इंचांच्या जड चाकांनी मात्र हलक्या गाडीचा जीवच जातो, कारण ते वजन स्प्रिंगच्या खाली असते आणि प्रत्येक खड्ड्यात शॉक ॲबसॉर्बरला तेच उचलावे लागते.

ब्रेकवर मी सर्वांत जास्त भर देतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेक सतत तापत राहतात आणि जुन्या ब्रेक ऑइलचा दोष तिथेच उघडा पडतो. हे तेल हवेतली ओल शोषते. डॉट ४ दर्जाचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ होऊन खाली बसते. म्हणून दर दोन वर्षांनी, आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर, सर्व तेल बदलावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल वेगळ्या जातीचे असल्याने ते यात मिसळू नये. चांगले पॅड, न गंजलेले कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि नवे रबरी होज इतके केले तर छोट्या गाडीला मोठ्या डिस्कची गरज पडत नाही. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहण्याची सवय मात्र लावून घ्यावी.

सस्पेन्शनमध्ये आधी सांध्यांतले रबरी बुश बदलावेत, मग शॉक ॲबसॉर्बर आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. हा क्रम उलटा केला तर अलाइनमेंटचे पैसे पुन्हा भरावे लागतात. आपल्या गतिरोधकांचा विचार करता गाडी खाली बसवण्याचा मोह आवरावा.

आता इंजिन. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हेड फेसिंग, बोअरिंग, होनिंग आणि व्हॉल्व्ह बसवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ऑइल इंजिनांवर हात बसलेले कारागीर इतक्या जवळ असणे ही छोट्या गाडीच्या मालकासाठी मोठीच सोय आहे. इंजिन उघडावेच लागले तर चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून एका ग्रॅमच्या आत जुळवून घ्यावेत, व्हॉल्व्ह नीट बसवावेत आणि मॅनिफोल्डचे (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) तोंड गॅस्केटशी तंतोतंत जुळते का ते पाहावे. यातला एकही भाग कंपनीच्या मापाबाहेर जात नाही, तरीही चार हजार आरपीएमच्या वर इंजिनाची थरथर कमी होते आणि पिकअप सुधारतो. बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर नुसता आवाज वाढवतो. मूळ फिल्टर स्वच्छ ठेवून त्याला बाहेरची थंड हवा मिळेल असे पाहणे अधिक फायद्याचे आहे.

इंधनाचा मुद्दा आपल्या जिल्ह्याला विशेष जवळचा आहे, कारण आपल्या साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉलच आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजिनात संगणक हा फरक बराचसा भरून काढतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इंजिन तापते आणि स्पार्क प्लग पांढुरका दिसू लागतो. कार्ब्युरेटरमध्ये इंधन ज्या मापाच्या छिद्रातून येते तो भाग म्हणजे जेट. त्याचा नंबर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असेल तर १०० ऐवजी १०४ च्या आसपासचा जेट लावून पाहावा, कारण इंधनाचा प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढतो. जुन्या रबरी पेट्रोल नळ्या आणि डायफ्रामही इथेनॉलला टिकणारे घ्यावेत. गळणारी नळी गरम एक्झॉस्टजवळ असली तर आगीचा धोका असतो.

प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, मर्यादेतल्या वेगाने गाडी चालवून वहीत नोंद ठेवावी, आणि एका वेळी एकच बदल करावा. गाडीला तिच्या मर्यादेपर्यंत नेण्याची हौस रस्त्यावर भागवू नये. कोल्हापूरच्या मोहितेंच्या कार्टिंग (लहान, उघड्या रेसिंग गाड्यांच्या) सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि ब्रेक लावल्यावर भार पुढच्या चाकांवर कसा येतो हे कार्टमध्ये अर्ध्या तासात अंगवळणी पडते. घाटाच्या फेरीआधी गार टायरमध्ये हवा मोजावी आणि टायरच्या कडेला खडूची रेघ ओढावी. फेरीनंतर रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, कडेपर्यंतही पुसली नसेल तर जास्त आहे. घाट उतरून गाडी थांबवल्यावर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन उष्णता पाहावी. पुढच्या दोन चाकांपैकी एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेले लागले, तर त्या बाजूच्या कॅलिपरचा पिस्टन अडकत आहे असे समजून पुढच्या फेरीआधी तो उघडून घ्यावा.