छोट्या विमानाच्या इंधनाचा हिशेब मिनिटांत कसा ठेवावा

लहान विमानाचे इंजिन हवेत बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी इंधन न मिळणे हे त्यांतले असे कारण आहे, की ज्याचा बंदोबस्त बहुतेक वेळा जमिनीवर असतानाच करता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये काढलेल्या इशाऱ्यानुसार २०११ ते २०१५ या काळात तिथे इंधनाच्या हाताळणीतील चुकांमुळे दरवर्षी सरासरी पन्नासहून अधिक अपघात झाले. त्यांतल्या ५६ टक्के अपघातांत विमानातले इंधन खरोखरच संपले होते. ३५ टक्के अपघातांत इंधन शिल्लक असूनही ते इंजिनापर्यंत पोहोचले नव्हते. या वैमानिकांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा परवाना होता, तेव्हा ही नवशिक्यांची चूक आहे असे समजून कोणीही निर्धास्त राहू नये.

पहिली सवय लावून घ्यायची ती म्हणजे टाकीतल्या लिटरांचे लगेच मिनिटांत रूपांतर करण्याची. उदाहरणासाठी आपल्याकडच्या अनेक प्रशिक्षण संस्थांत दिसणारे सेसना १७२ एस हे विमान घेऊ. त्याच्या दोन्ही पंखांतल्या टाक्यांत मिळून ५६ अमेरिकन गॅलन इंधन मावते, पण वापरता येते ते ५३ गॅलन, म्हणजे सुमारे २०० लिटर. विमानाचे पुस्तक गॅलन आणि पौंडांत बोलते, इंधनवाला लिटरमध्ये मोजतो आणि वजनाचा तक्ता किलोत भरला जातो, म्हणून एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर आणि एक लिटर एव्हगॅस (अशा विमानांचे पेट्रोल) म्हणजे सुमारे ०.७२ किलो, हे दोन आकडे गुडघ्यावरच्या पाटीवर कायम लिहिलेले असावेत. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाची दोन्ही इंजिने वाटेत बंद पडली ती अशाच घोळामुळे. किलोचा गुणक वापरायचा तिथे पौंडाचा वापरला गेला होता. ते विमान कॅनडातल्या गिमली येथे तरंगत उतरवता आले, हे त्या वैमानिकांचे कौशल्य.

आता धुळ्याहून बारामतीला जायचे आहे असे धरू. अंतर सुमारे १६० नॉटिकल मैल, हवेतला वेग ११५ नॉट (म्हणजे तासाला ११५ नॉटिकल मैल) आणि खर्च तासाला ३५ लिटर. वारा नसेल तर हा प्रवास १ तास २४ मिनिटांचा, म्हणजे ४९ लिटरचा. जमिनीवर इंजिन चालवणे आणि धावपट्टीपर्यंत जाणे यासाठी ५ लिटर, चढाईतल्या जादा खर्चासाठी आणखी ५, बारामतीला उतरता आले नाही तर ८५ नॉटिकल मैलांवरच्या सोलापूरला जाण्यासाठी ३० आणि एक तासाचे राखीव ३५ धरले, तर बेरीज १२४ लिटर होते. त्याच दिवशी समोरून २५ नॉटचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग ९० नॉटवर येतो, प्रवास १ तास ४७ मिनिटांचा होतो आणि बेरीज १३७ लिटरवर जाते. म्हणून वाऱ्याचा अंदाज ज्या उंचीवरून जायचे त्या उंचीचा घ्यावा. धावपट्टीवरच्या वाऱ्यावरून काहीच ठरवू नये.

हे १३ लिटर क्षुल्लक वाटतील, पण टाक्या काठोकाठ भरणे प्रत्येक वेळी शक्य नसते. २०० लिटरचे वजन १४४ किलो आणि चार प्रौढांचे ३०० किलो धरले, तर बेरीज ४४४ किलो होते, आणि या जातीच्या बहुतेक विमानांना माणसे, सामान व इंधन मिळून साधारण ४०० किलोच पेलतात. अशा वेळी टाकीच्या तोंडाशी आत असलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत, ज्याला सगळे टॅब म्हणतात तिथपर्यंत, इंधन भरले जाते. टॅबपर्यंत भरले की दोन्ही टाक्यांत मिळून वापरण्याजोगे १३२ लिटर असतात. म्हणजे शांत हवेत चार जण बारामतीला जाऊ शकतात आणि वाऱ्याच्या दिवशी तेच चार जण, तेच विमान, पाच लिटरनी कमी पडते. त्या दिवशी एक तर एका प्रवाशाने खाली राहावे, नाही तर वाटेत इंधनासाठी थांबण्याची सोय असावी. राखीव इंधनातून हे पाच लिटर उसने घेऊ नयेत.

एक तासाचे राखीव हा माझा स्वतःचा नियम आहे. दृश्य नियमांनुसारच्या, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून केलेल्या, उड्डाणासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचे राखीव सांगितले आहे, पण ती किमान मर्यादा आहे आणि अर्धा तास किती भरकन जातो हे ढगांच्या कडेने वाट शोधणाऱ्यालाच कळते.

टाकीत किती आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि मापाच्या खुणा असलेल्या काडीने मोजावे. शिडी लावून पंखावरचे झाकण उघडायचे, काडी सरळ उभी तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर काढल्यावर ओली खूण वाळण्याआधी वाचायची. एव्हगॅस चटकन उडून जाते, त्यामुळे वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात. शंका आली तर काडी पुसून पुन्हा बुडवावी. विमान कलत्या जमिनीवर उभे असेल तर हे मोजमाप व्यर्थ आहे. शिवाय काडी त्याच विमानाची आहे ना, हे तिच्यावरच्या नोंदणी अक्षरांवरून ताडून पाहावे. मी शिकत होतो तेव्हा एका हँगरमध्ये खिळ्याला टांगलेल्या काडीने आमच्या विमानात १४० लिटर दाखवले. २१२ लिटरच्या टाक्या भरायला ७२ लिटर पुरायला हवे होते, पण पंपाच्या मीटरने ९८ दाखवले. काडी दुसऱ्याच जातीच्या विमानाची होती आणि २६ लिटरचा, म्हणजे पाऊण तासाचा, फरक त्या खिळ्यावर टांगलेला होता. त्या दिवसापासून काडी, पंपाचा मीटर आणि मागच्या उड्डाणाची नोंद हे तिन्ही आकडे जुळल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही. केबिनमधले मापक या तिघांच्या विरोधात जास्त दाखवत असेल तर त्याचे ऐकू नये. कमी दाखवत असेल तर मात्र जरूर ऐकावे, कारण कदाचित कुठे तरी गळती असेल.

इंधन भरून झाले की प्रत्येक निचऱ्याच्या तोंडातून थोडे इंधन पारदर्शक कपात काढून उजेडात धरावे. १०० एलएल एव्हगॅस फिकट निळे दिसते, पाणी असेल तर त्याचा थेंब तळाशी वेगळा बसतो. सगळा कप रंगहीन दिसला तर तो कदाचित पूर्ण पाण्याचाच असतो, हे पावसाळ्यात विशेष ध्यानात ठेवावे. झाकणे स्वतःच्या हाताने बंद करावीत, कारण सैल झाकणातून पंखावरच्या कमी दाबामुळे उड्डाणात इंधन बाहेर शोषले जाते. इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत एव्हगॅस बनवू लागली असली, तरी प्रत्येक विमानतळावर ते मिळतेच असे नाही. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी.

हवेत गेल्यावर पुस्तकातला खर्च आपोआप लागू होत नाही. तो आकडा इंधन-हवेचे मिश्रण योग्य तेवढे पातळ (इंधन कमी, हवा जास्त) केले आहे असे धरून दिलेला असतो. मिक्श्चरचा लाल दांडा पुढे ढकललेलाच राहिला तर तासाला पाच-सहा लिटर सहज जादा जातात. इंजिन सुरू केल्याची वेळ लिहावी आणि ठरलेल्या खुणांवर घड्याळ पाहावे. आपल्या मार्गावर श्रीरामपूर जवळजवळ निम्म्यावर येते. वारा नसताना ते सुमारे ४० मिनिटांत यायला हवे. ५१ मिनिटे लागली तर समोरचा वारा २५ नॉटचा आहे हे तिथेच सिद्ध झाले. निर्णयाची जागा तीच, कारण शिर्डीचा विमानतळ तिथून जेमतेम १६ नॉटिकल मैलांवर आहे, आणि पुढे गेल्यावर इतका सोयीचा पर्याय सापडत नाही. किती मिनिटे झाली म्हणजे वळायचे, हा आकडा निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा. प्रवासी बारामतीला वाट पाहणाऱ्यांबद्दल बोलू लागले की तो ठरवणे कठीण होते.

टाकी निवडण्याचा खटका विमानागणिक वेगळा असतो. १७२ मध्ये तो उड्डाण आणि उतरताना ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, असावा. पायपर वॉरियरमध्ये ‘बोथ’ नसतेच, म्हणून तिथे विजेचा पंप चालू करून दर अर्ध्या तासाने टाकी बदलावी, बदलल्याची वेळ लिहावी आणि हे काम भरपूर उंची हाताशी असतानाच करावे. इंजिन अडखळले तर आधी नाक खाली घेऊन तरंगण्याचा वेग धरावा, १७२ एससाठी तो ६८ नॉट आहे. मग टाकी बदलावी, मिश्रण दाट करावे, पंप लावावा. दुसऱ्या टाकीत इंधन असेल तर बहुतेक वेळा इंजिन परत बोलते.

उतरण्याच्या ठिकाणात आता बदल झाला तर नियमातल्या किमान राखीवाला हात लागेल असे दिसताच नियंत्रकाला ‘मिनिमम फ्युएल’ सांगावे. ही आणीबाणीची घोषणा नाही आणि तिने प्राधान्य मिळत नाही. त्या किमान राखीवापेक्षा कमी इंधनावर उतरावे लागणार हे हिशेबाने निश्चित झाले, की मात्र ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ ही आणीबाणीची हाक द्यावी आणि ती देताना पुढच्या चौकशीचा विचार करत थांबू नये.

विमान उभे केल्यावर पुन्हा काडी बुडवावी, खर्च झालेले लिटर आणि इंजिन चाललेली मिनिटे वहीत लिहावीत. दहा-बारा उड्डाणांनंतर त्या विमानाचा खरा आकडा हाती येतो. तो ३५ ऐवजी ३८ निघाला, तर वारा नसतानाही बारामतीची बेरीज टॅबच्या १३२ लिटरपर्यंत येऊन टेकते, आणि पुढच्या खेपेचा तक्ता ३८ नेच भरायचा.