मासळीबाजारातला कचरा आडाळ्यावरच कसा वेगळा करावा

मी मालवणच्या बाजारात मासळी विकते. नव्याने पाटी घेऊन बसणाऱ्या मुली कचऱ्याचं काय करायचं ते विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मासळीचा कचरा बाजार उठल्यावर निवडता येत नाही. आतडी, प्लास्टिक, भिजलेला कागद एकदा एकत्र झाले की त्याला ना बागायतदार हात लावतो, ना भंगारवाला. आडाळ्यावर, म्हणजे मासे कापायच्या विळीवर, कापताना जे निघतं ते तिथेच वेगळं पडलं पाहिजे.

आडाळ्याशेजारी झाकणाच्या दोन बालद्या ठेवा. एकीत मुंडकी, कल्ले, आतडी. दुसरीत खवले आणि कोलंबीची सालं, कारण ती सावकाश कुजतात. कोरड्या वस्तूंसाठी बाजूला एक गोणी बांधा. वास मारायला फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर मात्र बालदीत कधीच टाकू नका, तो माल मग खताच्या कामाचा राहत नाही. त्याऐवजी नारळाच्या सोडणाचा भुसा मूठमूठ पसरा. तो पाणी शोषतो आणि माश्याही कमी बसतात.

पहिल्या बालदीतल्या मालाचं द्रवखत होतं. जितका कचरा तितक्याच वजनाचा गूळ घ्या. बाजारातला काळा, स्वस्त गूळ चालतो. कचरा बारीक कापून दोन्ही कालवा आणि प्लास्टिकच्या ड्रमात भरा, पण वरचा तिसरा हिस्सा रिकामा सोडा. आत वायू धरतो, म्हणून तोंड घट्ट बंद न करता कापडाने बांधा आणि ड्रम सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मांस विरघळतं आणि कुजका वास जाऊन आंबूस-गोड वास येतो. मग गाळून घ्या. फवारणीसाठी लिटरभर पाण्यात एक-दोन मिलीच टाका, जास्त घातलं तर पानं करपतात.

गुळाचा खर्च झेपत नसेल तर दोन्ही बालद्या थेट माडाला द्या. आपल्याकडे माडाला मासळीचं खत घालायची रीत जुनीच आहे. बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर गोल चर खणायचा, माल पसरायचा आणि वर फूटभर माती व पालापाचोळा ओढायचा. माती कमी पडली तर कुत्री रात्रीत सगळं उकरतात.

कालवं फोडून विकणाऱ्यांनी शिंपले टाकू नयेत. पूर्वी त्यांचाच चुना भाजत. आता धुऊन, वाळवून, कुटून ते कोंबड्यांना घालता येतात, आणि आपल्या आंबट जांभ्या जमिनीलाही तो चुरा मानवतो.

पिशव्यांचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर दंड ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००. आपल्या वाटे लावून मासळी विकायच्या धंद्यात तो परवडणारा नाही. वाटा सागाच्या पानात बांधा. डबा आणणाऱ्या गिऱ्हाइकाला मासे फुकट कापून द्या, पुढच्या वेळी शेजारीणही डबा घेऊन येते. थर्माकोलची खोकी ज्या व्यापाऱ्याकडून आली त्याच्याकडेच परत पाठवा आणि माल घेतानाच तसं बोलून ठेवा.

घनकचऱ्याच्या नियमांत विक्रेत्याने स्वतःचं भांडं ठेवावं असं आहे, तसं कचरा नेमून दिलेल्या जागी किंवा गाडीत द्यावा असंही आहे. म्हणजे बालदी आपली, पण गाडी कधी यावी हे विचारायचा हक्कही आपला. एकटीने जाऊ नका, ओळीतल्या सगळ्या जणी मिळून नगरपरिषदेत जा आणि बाजार उठायच्या वेळेची घंटागाडी मागा. कुणी ‘हे आपल्याकडे होत नाही’ म्हणालं तर वेंगुर्ल्याचं नाव घ्या. तिथल्या नगरपरिषदेने कचरा वेगळा करून डंपिंगच्या जागेवर बाग उभी केली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि प्लास्टिक डांबरी रस्त्यांत वापरलं. मला त्या गावाचा फार अभिमान वाटतो.

हा माल घेणारा बागायतदार गाठायचा तर एप्रिलमध्येच गाठा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात, त्यामुळे कचराही कमी निघतो, आणि माडाला खत घालायची वेळ नेमकी पावसाच्या सुरुवातीची. मेच्या पहिल्या आठवड्यात ड्रम भरलात तर तो तोवर तयार होतो. पहिल्या खेपेला पैसे मागू नका. रोज ठरल्या वेळी, प्लास्टिकचा तुकडाही नसलेली बालदी मिळते हे त्याला दिसू द्या. दराचं बोलणं त्यानंतर करा.