परदेशी नामांकित विद्यापीठात प्रवेशाची शक्यता कशी जोखावी आणि अकरावीपासून फाइल कशी बांधावी

टक्के आणि एसएटीचा (अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) स्कोअर टाकला की ‘तुमची हार्वर्डची शक्यता अमुक टक्के’ असं सांगणाऱ्या वेबसाइट आधी बंद करा. हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सेमिनारांत पालकांना रंगीत तक्ते दाखवून सांगितले जाणारे आकडेही त्याच पंक्तीतले. मी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि मुलांच्या परदेशी अर्जांतली कॉलेजकडून जाणारी बाजू बरीच वर्षं सांभाळते आहे. माझं मत ठाम आहे: आपल्याकडच्या चांगल्या मुलाची शक्यता टक्क्यांपेक्षा कॉलेजातून जाणाऱ्या कागदांवर जास्त अडते. आणि त्या कागदांकडे बारावीची दिवाळी तोंडावर येईपर्यंत कुणी ढुंकून बघत नाही.

आधी खरा अंदाज

२०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. एमआयटीत परदेशी विद्यार्थ्यांच्या जागांवर मर्यादा आहे, त्यामुळे आपल्या मुलांसाठी तिथलं गणित एकूण आकड्यापेक्षाही कठीण. शंभरात दहापेक्षा कमी जणांना घेणारं कुठलंही विद्यापीठ, मूल कितीही हुशार असो, ‘आवाक्याबाहेर, पण प्रयत्न करू’ या गठ्ठ्यात ठेवायचं. दुसरा गठ्ठा जमण्याजोग्यांचा, तिसरा जवळपास पक्क्यांचा. तिसऱ्या गठ्ठ्यात मुंबई-पुण्यातलं किमान एक कॉलेज असलंच पाहिजे, आणि तिथला फॉर्म वेळेत भरलेला पाहिजे.

कोण कुठल्या गठ्ठ्यात, हे ठरवायला ‘कॉमन डेटा सेट’ उघडा. बरीचशी अमेरिकी विद्यापीठं तो दरवर्षी स्वतःच जाहीर करतात आणि तो फुकट मिळतो. त्यातला सी विभाग वाचा: घेतलेल्या मुलांपैकी मधल्या निम्म्यांचा एसएटी स्कोअर किती होता, आणि गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम यांतलं त्या विद्यापीठाला काय ‘फार महत्त्वाचं’ वाटतं, हे तक्त्यात लिहिलेलं असतं. तासाभराचं वाचन आहे. पैसे भरून ऐकलेल्या अंदाजापेक्षा ते कितीतरी भरवशाचं.

पैशांचा प्रश्न यादी करण्याआधी

घरात हा विषय शेवटी निघतो आणि तिथेच घात होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन इथे परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली, तरी प्रवेशाच्या निर्णयावर त्याचा परिणाम होत नाही, आणि प्रवेश मिळाल्यावर घरच्या उत्पन्नाप्रमाणे लागेल तेवढी मदत मिळते. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन्सिल्व्हेनिया इथे मात्र परदेशी मुलाने मदत मागितली की निर्णयात तेही धरलं जातं. ‘आत्ता नको म्हणू, एकदा आत शिरलं की मागू’ हा सल्ला मी पालकांच्या तोंडून सारखा ऐकते. तो ऐकू नका. स्टॅनफर्डमध्ये अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर परदेशी विद्यार्थ्याला पुढची चार वर्षं मागता येत नाही. बर्कली किंवा लॉस एंजेलिससारख्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलाला गरजेवर आधारित मदत जवळजवळ मिळतच नाही. घर विकून पाठवायचं नसेल तर ही नावं आजच खोडा.

परीक्षा, उपक्रम, निबंध

एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी २०२४ मध्ये एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली. अकरावीच्या उन्हाळी सुट्टीआधी एकदा देऊन मोकळे व्हा. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं स्कोअर बघतच नाहीत.

कॉमन ॲपवर (एकाच अर्जाने अनेक अमेरिकी विद्यापीठांकडे जाता येतं त्या वेबसाइटवर) दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. नववी ते बारावी एवढाच काळ मोजला जातो, म्हणून नववीतलं होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचं पदक लिहा, सहावीतलं घरच्या भिंतीवर राहू द्या. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत चालणाऱ्या ऑलिंपियाडमध्ये वरच्या टप्प्यापर्यंत गेलेल्या मुलाला वेगळी ओळख लागत नाही. पैसे भरून मिळणारी ‘संशोधन’ प्रमाणपत्रं आणि एका रविवारच्या किनारा सफाईचे फोटो यांवर वेळ घालवू नका. धाकट्या भावंडांना सांभाळणं, वडिलांच्या दुकानाचा हिशेब लिहिणं, सोसायटीच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च ठेवणं हे उपक्रमच आहेत. मुलं ते लिहायला लाजतात. लिहा.

निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि तो मुलानेच लिहायचा असतो. एजंटने लिहिलेला निबंध दोन ओळींत ओळखू येतो.

कॉलेजचे कागद: इथे थांबा आणि नीट वाचा

अमेरिकेतल्या शाळेत एकच समुपदेशक मुलाला चार वर्षं ओळखतो आणि सगळे कागद तोच पाठवतो. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्या कॉलेजात, त्यातून मूल इंटिग्रेटेडला (नाव कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये) असेल तर शिकतं तिसरीकडेच. अर्ज मात्र त्या एका समुपदेशकाला धरून आखलेला असतो. ही तफावत समजून घ्यायला मलाही बराच काळ लागला. यावर कुणी धड सल्ला देत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट गुणपत्रकांची. नववी ते अकरावी तिन्ही वर्षांचे गुण लागतात. दहावीचं बोर्डाचं गुणपत्रक सगळ्यांकडे असतं, नववीचं प्रगतिपुस्तक मात्र घर बदलताना हरवलेलं असतं. जुन्या शाळेत जून-जुलैमध्येच जा, हजेरीपट-निकालपत्रकावरून गुणांचा दाखला मागा, लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीचा आणि गोल शिक्क्याचा. शाळा मराठी माध्यमाची असेल तर इंग्रजी भाषांतर करून तेही त्याच शाळेकडून प्रमाणित करून घ्या. पाच-सहा प्रती एकदमच आणा, नाहीतर ऑफिसमधल्या कारकून काकांच्या टेबलापुढे परत परत उभं राहावं लागेल.

यातच अकरावीचा मुद्दा येतो. दहावी संपली की अकरावी आरामाची, असं आपल्याकडे घराघरांत मानतात. पण बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, आणि विद्यापीठांचे निर्णय मार्चअखेरीपर्यंत आलेले असतात. बारावीचे बोर्डाचे गुण निर्णय घेणाऱ्यासमोर नसतातच. त्याच्यासमोर सगळ्यात अलीकडचं पूर्ण वर्ष असतं ते अकरावीचं. कॅलिफोर्नियाची विद्यापीठंही मुख्यतः दहावी-अकरावीचेच गुण धरतात. अकरावीत ६२ टक्के आणि ‘बारावीत दाखवतो’ असं म्हणणाऱ्या मुलाचं आवाक्याबाहेरच्या गठ्ठ्यातलं नाव मी सरळ कमी करायला सांगते.

टक्के टक्केच ठेवा. ८८ टक्क्यांचं अमेरिकी पद्धतीने ४ पैकी ३.९ करून देणारे लोक भेटतील, पण असं रूपांतर कुणी मागितलेलं नसतं. वाचणाऱ्याला ते खटकतं आणि मग बाकीचे आकडेही संशयात येतात.

दुसरी गोष्ट कॉलेजच्या ओळखपत्रकाची, ज्याला ते ‘स्कूल प्रोफाइल’ म्हणतात. बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत हा कागद अस्तित्वातच नसतो. पान-दोन पानांचा मजकूर, पण मुलाचे गुण वाचायचे कसे, हे त्यावरून ठरतं. कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित, वर्गात किती मुलं, राज्य मंडळात ३५ला पास, विज्ञान विषयात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे, विषय निवडायची मुभा किती. हा शेवटचा मुद्दा कधीही गाळू नका. अमेरिकी वाचक ‘मुलाने उपलब्ध असलेल्यांतले सगळ्यात कठीण विषय घेतले का’ हे शोधत असतो. आमच्याकडे गट ठरलेले असतात आणि वरच्या पातळीचे वेगळे वर्ग नसतात, हे लिहिलं नाही तर मुलानेच टाळले असं त्याला वाटू शकतं. गेल्या वर्षीच्या अकरावीच्या निकालात ७५, ८५, ९०च्या वर किती मुलं होती, हेही द्या. जिथे नव्वदीच्या वर दोघंच आहेत, तिथल्या ८७ला किंमत येते.

हा कागद मुलाने कच्चा टाइप करून न्यावा, उपप्राचार्यांनी तपासून, दुरुस्त करून कॉलेजचा म्हणून मंजूर करावा. समुपदेशक नसेल तर प्राचार्य, उपप्राचार्य किंवा त्यांनी नेमलेले शिक्षक ती जबाबदारी घेऊ शकतात. नातेवाईक शिक्षक असले तरी त्यांना मध्ये आणू नका. आणि ज्यांचं नाव द्याल त्यांचा संस्थेच्या नावाचा ईमेल असलेला उत्तम.

तिसरी गोष्ट शिफारसपत्रांची, आणि सगळ्यात जास्त शक्यता इथेच वाया जाते. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य मुंबईतल्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं. शिक्षक वाईट नसतात. शंभर-सव्वाशेच्या तुकड्या आणि पेपरांचे गठ्ठे यांत त्यांना वेळ नसतो. पण तसं पत्र आणू नका. अर्जावर तुम्ही हे पत्र पाहण्याचा हक्क सोडलेला असतो, मग तेच पत्र स्वतः लिहायचं ही सरळ खोटी गोष्ट झाली. शिवाय ती कामालाही येत नाही. सतरा वर्षांचं मूल स्वतःबद्दल ‘हुशार, कष्टाळू, आज्ञाधारक, वर्गात नेहमी पहिल्या बाकावर’ असंच लिहितं. हे शब्द हजारो पत्रांत असतात.

मी एका मुलीसाठी लिहिलेल्या पत्रातला भाग सांगते. टायट्रेशनमध्ये तिच्या गटाची तीन रीडिंग एकमेकांशी जुळत नव्हती. बाकीच्यांनी वहीत आकडे जुळवून घेतले. हिने ब्युरेट उजेडाकडे धरली, तोटीच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा दाखवला, तो काढून तिन्ही रीडिंग पुन्हा घेतली आणि घंटा झाल्यावरही जर्नल पूर्ण करूनच गेली. एवढंच. त्यात ‘हुशार’ हा शब्द नव्हता.

असं पत्र शिक्षकाला लिहिता यावं म्हणून अकरावीतच दोन शिक्षक हेरा. प्रॅक्टिकल बुडवू नका, शंका वर्ग संपल्यावर थांबून विचारा. इंटिग्रेटेडच्या मुलांची खरी अडचण इथे आहे: हजेरीपटावर नाव असतं, पण शिक्षकांना चेहरा माहीत नसतो. परदेशी अर्जाचा विचार पक्का असेल तर इंटिग्रेटेड घेऊच नका, असं मी पालकांच्या तोंडावर सांगते. घेतलंच असेल तर निदान प्रॅक्टिकलला आणि भाषेच्या तासांना नियमित या. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि एक भाषा-समाजशास्त्रांसारख्या विषयाच्या शिक्षकाचं लागतं. विज्ञान शाखेत असे शिक्षक म्हणजे इंग्रजी किंवा मराठीचे, आणि त्यांच्याच तासाला बाकं रिकामी असतात.

पत्र मागायला जाताना एक पानभर टिपण न्या. स्तुती नको, आठवणी लिहा: ‘मॅडम, मोल संकल्पनेचा प्रश्न मी दोनदा चुकवला होता आणि तिसऱ्यांदा फळ्यावर सोडवला’, ‘वार्षिक अंकासाठी तुम्ही माझा लेख तीनदा परत दिला होता’. शिक्षकाला प्रसंग आठवला की पत्र तोच लिहितो. शिक्षकाच्या फॉर्मवर मुलाला ‘सरासरीपेक्षा कमी’पासून ‘माझ्या कारकिर्दीतल्या मोजक्यांपैकी एक’पर्यंत श्रेणी द्यायची असते. सगळ्याच रकान्यांत सर्वोच्च खूण करू नका, ही विनंती मी शिक्षकांनाही करते, कारण मग पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

तारखा

कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं. लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. पहिली तारीख दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते आणि दुसरी नाताळात, म्हणजे दोन्ही वेळा कॉलेज ऑफिसला कुलूप असण्याची भीती. त्यामुळे प्रोफाइल, गुणांचे दाखले आणि दोन्ही पत्रं गणपतीपर्यंत तयार पाहिजेत. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजसाठी (दोहोंपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो) यूकासची (ब्रिटिश विद्यापीठांच्या सामाईक अर्जव्यवस्थेची) मुदत १५ ऑक्टोबर आहे. तिथे बारावीत किती गुण अपेक्षित आहेत हे कॉलेजनेच लिहून द्यायचं असतं, म्हणून पहिल्या चाचणीचे पेपर जपून ठेवा.

अर्ज गेला की कॉलेजचं काम संपलं असं समजू नका. सहामाही आणि प्रिलिमचे गुण फेब्रुवारीपर्यंत ‘मिड-इयर रिपोर्ट’मधून जातात, आणि ते कॉलेजनेच अपलोड करावे लागतात. प्रिलिमचा निकाल फलकावर लागला की त्याच दिवशी गुणपत्रकाची प्रत घ्या, शिक्का मारून अपलोड करणाऱ्या शिक्षकांच्या हातात द्या आणि अपलोड झाल्याचं तुमच्या खात्यावर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.