अमेरिकेचा जोडीदार व्हिसा: मुंबईतील मुलाखत कोणत्या भाषेत द्यावी?

पती किंवा पत्नी अमेरिकेत आणि दुसरा जोडीदार महाराष्ट्रात अशी स्थिती असताना, कागदपत्रांचे सर्व टप्पे पार पडून वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासाची तारीख मिळाली की अर्जदाराला बहुधा सर्वाधिक धास्ती इंग्रजीची वाटते. ही धास्ती पुष्कळदा इतर देशांच्या नियमांवरून आलेली असते. ब्रिटनमध्ये २०१० पासून जोडीदार व्हिसासाठी ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीचे इंग्रजी दाखवावे लागते, आणि जर्मनीत २००७ पासून बहुतेक जोडीदारांना ए-१ पातळीचे जर्मन यावे लागते, म्हणून पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात लग्नानंतर लगेच नाव घालणारे अनेक जण असतात. अमेरिकेच्या जोडीदार व्हिसासाठी अशी परीक्षा किंवा प्रमाणपत्र लागत नाही. तुमच्यासाठी याचिका करणारा तिकडचा जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर मिळणारा आयआर-१ किंवा सीआर-१ असो, अथवा तो ग्रीन कार्डधारक असेल तर मिळणारा एफ-२ए असो, तिन्हींबाबत हेच खरे आहे.

मुलाखतीत मुख्यतः विवाह खरा आहे की केवळ स्थलांतरासाठी केलेला आहे, हे तपासले जाते. त्यामुळे ज्या भाषेत तुम्हाला आपले लग्न, घर आणि जोडीदार यांविषयी न अडखळता, नेमके आणि खरे सांगता येते, तीच तुमच्या मुलाखतीची योग्य भाषा आहे. मुंबईत इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी, गुजराती यांसारख्या भाषांत मुलाखत देता येते. मराठी निवडणे हा कमीपणा नाही. कामचलाऊ इंग्रजीच्या आधारावर खिडकीपाशी उभे राहून प्रश्न अर्धवट समजून घेण्यात आणि अंदाजाने ‘येस’ म्हणण्यात मात्र खरा धोका आहे, कारण मुलाखतीच्या सुरुवातीला उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ घेतलेली असते आणि महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती कायमच्या अपात्रतेचे कारण ठरू शकते.

तरीही इंग्रजीचा काहीच संबंध येत नाही असे समजू नये. अर्जदार पुढे सरकारी मदतीवर अवलंबून राहील का, हे ठरवताना वय, आरोग्य, कौटुंबिक स्थिती, आर्थिक स्थिती, शिक्षण आणि कौशल्ये पाहावीत असे अमेरिकी कायदा सांगतो. २०१९ मध्ये केलेल्या नियमात इंग्रजीच्या ज्ञानाचा स्पष्ट उल्लेख होता; तो नियम २०२१ मध्ये रद्द झाला, पण कायद्यातील मूळ तरतूद कायम आहे आणि तिचा अर्थ लावण्याच्या सूचना सरकारागणिक बदलतात. म्हणून मराठीत मुलाखत देणाऱ्यानेही आपले शिक्षण, आतापर्यंतची नोकरी आणि तिकडे गेल्यावर काय करण्याचा विचार आहे, एवढे साध्या इंग्रजीत चार-पाच वाक्यांत सांगण्याची तयारी ठेवावी. इंग्रजी शिकत असाल तर तसे अवश्य सांगावे. जेवढे येते त्याहून अधिक येते असे मात्र भासवू नये.

तयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मुलाखतीच्या कितीतरी आधी करायचा असतो, आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो. डीएस-२६० हा स्थलांतरित व्हिसाचा अर्ज इंग्रजीत भरला जातो. तो पुष्कळदा जोडीदार, एखादा नातेवाईक किंवा एजंट भरतो, परंतु त्यातील मजकूर खरा असल्याची शपथ अर्जदार घेतो. जोडीदाराने आधी भरलेली आय-१३० ही याचिकाही इंग्रजीतच असते. दोन्हींच्या प्रती घेऊन, कोणाकडून तरी प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्यावी आणि जुने पत्ते, नोकरीच्या तारखा, आई-वडिलांची नावे, पूर्वी नाकारलेले व्हिसा हे सर्व स्वतः पडताळावे. चूक आढळली तर ती लपवू नये. मुलाखतीच्या आरंभीच अधिकाऱ्याला सांगून दुरुस्त करून घ्यावी.

नावांबाबत आपल्याकडे विशेष काळजी लागते. लग्नानंतर मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आडनाव बदलते आणि काही घरांत मुलीचे पहिले नावही बदलते. पासपोर्टवर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसरे, असे सहज होते. अर्जात इतर नावांचा रकाना असतो, त्यात ही सर्व नावे असलीच पाहिजेत, आणि ती का बदलली हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे.

नात्यांचेही तसेच आहे. आपण बोलताना चुलत आणि मावस भावालाही भाऊच म्हणतो. इंग्रजीत उत्तर देताना ‘माय ब्रदर’ लग्नाला आला होता असे सांगितले आणि पुढे सख्खा भाऊ नसल्याचे सांगितले, तर अधिकाऱ्याला ती विसंगती वाटणे स्वाभाविक आहे. दीर, मेहुणा आणि नणंदेचा नवरा या तिघांना इंग्रजीत एकच संबोधन आहे, म्हणून ‘माझ्या पतीचा धाकटा भाऊ’ असे फोड करून सांगावे. तारखा सांगताना महिन्याचे नाव घ्यावे, कारण अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. साखरपुडा, वैदिक पद्धतीचे लग्न आणि विवाह नोंदणी यांच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर कोणती तारीख कशाची, हे स्पष्ट करावे. अर्जात लिहिलेल्या विवाहाच्या तारखेविषयी गोंधळ उरता कामा नये.

पती-पत्नी आपसांत कोणत्या भाषेत बोलतात, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याला वजन आहे. ज्यांना समान भाषाच नाही असे जोडपे अधिकाऱ्याला शंकास्पद वाटू शकते. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाला मराठी समजते पण बोलता येत नाही आणि सांगलीच्या मुलीचे इंग्रजी बेताचे आहे, अशी लग्ने आपल्या समाजात काही विरळ नाहीत. अशा वेळी तो इंग्रजीत बोलतो, मी मराठीत उत्तर देते, आणि आम्हाला एकमेकांचे समजते, असे जे असेल ते सरळ सांगावे. मुलाखत मराठीत देणाऱ्या पत्नीने नवऱ्याशी आपण फक्त इंग्रजीत बोलतो असे सांगितले, तर पुढचा प्रश्न काय येईल हे वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांचा विचार करताना, मराठीतील कोणताही कागद इंग्रजी भाषांतराशिवाय देऊ नये. महानगरपालिकेचे विवाह प्रमाणपत्र बहुधा द्विभाषिक असते. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला किंवा न्यायालयाचा जुना घटस्फोटाचा आदेश केवळ मराठीत असू शकतो, आणि गोव्यातील जुन्या नोंदी तर पोर्तुगीजमध्ये असतात. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे व आपण त्या भाषेत भाषांतर करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते. हे काम अर्जदाराने किंवा जोडीदाराने स्वतः करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नावांचे रोमन स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवण्याची सूचना भाषांतरकाराला आधी द्यावी. नात्याचा पुरावा म्हणून रोमन लिपीतील मराठी व्हॉट्सॲप संभाषणे देणार असाल, तर शेकडो पानांऐवजी वेगवेगळ्या महिन्यांतील मोजकी पाने निवडून त्यांचे भाषांतर जोडावे.

प्रत्यक्ष मुलाखत काचेच्या खिडकीतून, माइकवर होते आणि पुष्कळदा काही मिनिटांतच संपते. दुभाषी असला तरी अधिकाऱ्याकडे पाहून बोलावे, छोटी वाक्ये करावीत आणि भाषांतर पूर्ण होईपर्यंत थांबावे. घरी मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर येथे शक्यतो प्रमाण मराठीच्या जवळ राहावे, कारण अधिकाऱ्याने मराठी शिकलेली असली तरी बोलीभाषेचा त्याला सराव नसतो. कसे भेटलात, लग्न कोणी जुळवले, लग्नाला कोण होते, जोडीदार कोणते काम करतो आणि कुठे राहतो, शेवटचे कधी भेटलात, या प्रश्नांची पाठ केलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. ती पाठ करण्यापेक्षा घरातल्या माणसाने प्रश्नांचा क्रम बदलून मराठीत विचारावेत आणि तुम्ही सांगत जावे. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी, आणि निवडलेल्या भाषेत अडचण येत असेल तर भाषा बदलून मागावी. दुभाष्याने तुमचे उत्तर चुकीचे सांगितल्याचे लक्षात आले तर तेथेच नम्रपणे दुरुस्ती करावी, कारण नोंद त्याच्या शब्दांची होते.

व्हिसा लगेच मंजूर न होता अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २२१(जी) खालील कागद हाती दिला गेला, तर तो इंग्रजीत असतो. खिडकी सोडण्यापूर्वी त्यावर कोणत्या कागदाची मागणी आहे आणि तो कसा पाठवायचा आहे, हे मराठीत विचारून घ्यावे, आणि त्याच दिवशी त्याचा स्पष्ट फोटो जोडीदाराला पाठवावा.