मुका मार आणि फाटलेलं आतडं: या चुका टाळा

कॅज्युअल्टीतलं सगळ्यात घातक वाक्य म्हणजे 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, घेऊन जा घरी'. लिव्हर-स्प्लीन फुटून पोटात बरंच रक्त साचलं तर सोनोग्राफीत कळतं, पण आतडं फाटलं की सुरुवातीला बाहेर येतं ते थोडंसं पाणी आणि हवा, पहिल्या काही तासांत ते बऱ्याचदा दिसतच नाही. माझ्याकडे एक दहा वर्षांचा पोरगा आला होता, सायकलचं हँडल पोटात बसलेलं, आदल्या दिवशी दुसरीकडे सोनोग्राफी करून घरी पाठवलेला. माझ्याकडे आला तेव्हा पोट फळीसारखं कडक, नाडी १४०, आणि बेंबीच्या वर रुपयाएवढा गोल काळानिळा डाग अजून तसाच. जेजुनम (लहान आतड्याचा वरचा भाग) फाटलं होतं. पोरगा वाचला, पण हाल खूप झाले हो त्याचे.

म्हणून आधी कपडे काढून पोट बघा. सीटबेल्टचा पट्टा उमटलेला असेल तर कमरेचे मणकेही तपासा, आतडं आणि मणका बऱ्याचदा सोबत दुखावतात.

सीटी स्कॅनमध्ये लिव्हर-स्प्लीन धड आहेत आणि तरी पोटात पाणी आहे, तर आतडं किंवा मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा, त्याच्या रक्तवाहिन्या असलेला पडदा) फाटली असेल असंच धरून चला (तरुण बायकांत ओटीपोटात थोडं पाणी एरवीही असू शकतं). सीटी लवकर केला असेल तर तोही चुकतो, त्यामुळे संशय असलेला पेशंट उपाशी ठेवून ॲडमिट करायचा आणि शक्यतो एकाच डॉक्टरने दर ४-६ तासांनी पोट दाबून बघायचं, नाडी वाढतेय का, ताप येतोय का बघायचं. 'लक्षणं झाकली जातील' म्हणून पेनकिलर अडवून ठेवू नका, तो जुना समज आहे, पेशंटला उगाच तळमळत ठेवू नका. आणि बीपी पडतंय, पोटात रक्त दिसतंय तर सीटीला पाठवायचंच नाही, थेट ओटी (ऑपरेशन थिएटर). निदान पक्कं झाल्यावरही सकाळच्या लिस्टची वाट बघू नका, ८ तासांच्या वर उशीर झाला की गुंतागुंत वाढत जाते.

ओटीतली नेहमीची चूक म्हणजे एक भोक सापडलं की थांबणं. डीजे फ्लेक्शरपासून (जिथे जेजुनम सुरू होतं ते वळण) रेक्टमपर्यंत (गुदाशय) सगळं आतडं दोन्ही बाजूंनी हातातून सरकवून बघा, मेसेंटरीच्या कडेला लपलेलं भोक हमखास सुटतं. घेराच्या निम्म्यापेक्षा कमी फाटलं असेल तर कडा साफ करून शिवा, जास्त असेल किंवा मेसेंटरी तुटून आतडं काळं पडलं असेल तर तेवढा भाग कापून जोडा. पेशंट गार पडलाय, रक्त गोठत नाहीये, अशा वेळी मात्र जोडत बसू नका, रक्तस्राव थांबवा, टोकं बंद करा, पोट तात्पुरतं झाका, आयसीयूत गरम करा आणि २४ ते ४८ तासांनी परत उघडा, तेव्हा टोकं गुलाबी दिसली तर जोडा.