कॉलेज बदलायचंय? आधी एक शीट उघडा

पहिल्यांदा ॲडमिशन घेतो तेव्हा घरचे, शाळेतले, मित्र सगळे त्याच गडबडीत असतात, त्यामुळे काही राहिलंच तर कोणीतरी आठवण करून देतं. ट्रान्सफरच्या वेळी तसं कोणी नसतं. वर्गातले बाकीचे आपापला अभ्यास करत असतात, तुम्ही तोच अभ्यास सांभाळून वर चार-पाच ठिकाणचे फॉर्म भरत असता, आणि बऱ्याचदा कॉलेज सोडायचा विचार आहे हे अजून कोणाला सांगितलेलंही नसतं. मी यातून गेलोय, नंतर दोन-तीन ज्युनियर्सना मदतही केली, त्यातून जे खरंच कामाला आलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी एक गूगल शीट किंवा एक्सेल उघडा आणि प्रत्येक कॉलेजला एक ओळ द्या. फॉर्मची शेवटची तारीख आणि कागदपत्रं पोचायची शेवटची तारीख हे दोन वेगळे रकाने करा कारण बऱ्याच ठिकाणी त्या वेगळ्या असतात, आणि दुसऱ्या देशातलं कॉलेज असेल तर तारखेसोबत तिथली वेळ कुठल्या टाइमझोनची आहे तेही लिहा. कुठल्या टर्मसाठी अर्ज करताय, फी भरली का, पोर्टलचं युजरनेम काय, हेही त्याच ओळीत. पासवर्ड मात्र शीटमध्ये नको, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर वापरा.

आता खरं महत्त्वाचं. प्रत्येक कागदपत्रासाठी "झालं" असा एकच रकाना ठेवू नका. तीन ठेवा: मागितलं, पाठवलं, पोचलं. माझं इथेच अडलं होतं. ट्रान्सस्क्रिप्टची, म्हणजे सगळ्या टर्मचे विषय आणि ग्रेड असलेल्या कॉलेजच्या अधिकृत कागदाची, रिक्वेस्ट टाकली, जुन्या कॉलेजकडून "पाठवलं" अशी मेल आली, मी हिरवा रंग भरला आणि विषय डोक्यातून काढून टाकला. तीन आठवड्यांनी नव्या कॉलेजच्या पोर्टलवर सहज बघितलं तर अर्ज अपूर्ण. झालं असं होतं की शेवटच्या टर्मचे ग्रेड सिस्टीममध्ये चढायच्या आधीच ट्रान्सस्क्रिप्ट निघालं होतं, म्हणून ती टर्म रिकामीच दिसत होती. ते तीन आठवडे मी निश्चिंत होतो याचं मला आजही वाईट वाटतं. त्यामुळे "पोचलं" हा रकाना फक्त नव्या कॉलेजच्या पोर्टलवर बघून किंवा त्यांची मेल आल्यावरच भरायचा, जुन्या कॉलेजच्या शब्दावर नाही.

ट्रान्सस्क्रिप्ट मागताना अजून दोन गोष्टी बघा. रिक्वेस्ट फॉर्मवर बहुतेक वेळा "लगेच पाठवा" आणि "ग्रेड लागल्यावर पाठवा" असे पर्याय असतात, तुमची टर्म चालू असेल तर कुठला पाहिजे ते नव्या कॉलेजला आधी विचारून घ्या. आणि जुन्या कॉलेजची काही थकबाकी असेल, लायब्ररीचा साधा दंड सुद्धा, तर कित्येक कॉलेजं ट्रान्सस्क्रिप्ट अडवून ठेवतात, म्हणून ती आधी मिटवा. कागदी प्रत सीलबंद पाकिटात हातात मिळाली तर पाकीट फोडायचं नाही, फोडलं की ती बहुतेक ठिकाणी ऑफिशियल धरत नाहीत.

मेलसाठी वेगळा पर्सनल आयडी काढा. कॉलेजने दिलेल्या आयडीवरून अर्ज करू नका कारण कॉलेज सोडलं की तो आयडी पुढेमागे बंद होतो आणि नेमकी तेव्हाच नवीन कॉलेजची मेल आलेली असते. स्पॅम फोल्डर दर दोन दिवसांनी बघायचा. फोनवर कोणाशी बोलणं झालं तर तारीख आणि काय सांगितलं ते शीटमध्ये टाका आणि लगेच छोटी मेल करा की आज आपलं असं बोलणं झालं, बरोबर आहे ना. पुढे कोणी वेगळंच सांगितलं तर दाखवायला तेवढा एकच पुरावा असतो.

क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाला त्याच्या तासांवरून दिलेला आकडा ज्यांची बेरीज डिग्रीला लागते, या विषयाला मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. तुम्ही पास झालेला विषय नवीन कॉलेज मोजेलच असं नाही, आणि मोजला तरी तो मुख्य विषयात धरतात की नुसता इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून धरतात यावर पुढची अख्खी टर्म वाचते किंवा जाते. शीटमध्ये दुसरा टॅब काढा, डाव्या बाजूला तुमचे सगळे विषय, कोड, क्रेडिट आणि ग्रेड, उजव्या बाजूला नव्या कॉलेजमधला त्याच्या जवळचा विषय. क्रेडिटचा नुसता आकडा लिहून भागत नाही. अमेरिकेत चार वर्षांच्या डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, भारतात यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या डिग्रीला १२० आहेत, आणि युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत एका वर्षालाच ६० धरतात. अमेरिकेतल्या अमेरिकेत सुद्धा काही कॉलेजं सेमिस्टरवर चालतात, काही त्याहून छोट्या क्वार्टर टर्मवर, आणि एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे दीड क्वार्टर क्रेडिट. म्हणून आकड्याशेजारी पद्धत कुठली आणि विषयाचे एकूण तास किती हे लिहून ठेवा, विचारतात.

प्रत्येक विषयाचा सिलॅबस आत्ताच डाउनलोड करा, आत्ताच म्हणजे खरंच आज. कॅटलॉगमधलं चार ओळींचं वर्णन पुरत नाही, आठवड्यागणिक काय शिकवलं, पुस्तकं कुठली, लॅब होती का, मार्क कसे विभागले हे सगळं असलेली पूर्ण फाइल लागते, कारण विषय जुळतो की नाही हे ठरवणारा माणूस तेच वाचतो. कॉलेज सोडल्यावर लॉगिन बंद होतं आणि मग जुन्या प्राध्यापकांना मेल करून फाइल मागत बसावं लागतं. नवीन कॉलेजला दोन प्रश्न लेखी विचारा: क्रेडिट धरायला किमान ग्रेड काय लागतो आणि डिग्री मिळायला किती क्रेडिट त्यांच्याकडेच करावे लागतात. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि शेवटच्या वर्षाच्या जवळ आलेल्यांना त्याचाच सगळ्यात जास्त फटका बसतो.

फाइलींची नावं एकाच पद्धतीने ठेवा, आधी तारीख मग कॉलेज मग कागद, म्हणजे २०२६-०१-१४_नवंकॉलेज_निबंध असं. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिलं की फाइली आपोआप ओळीने लागतात आणि नवीन व्हर्जन कुठलं ते कळतं. निबंध प्रत्येक कॉलेजचा वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि सबमिट करायच्या आधी सर्च करून बघा की दुसऱ्या कॉलेजचं नाव कुठे राहिलं नाही ना. सगळ्या कागदांवर तुमचं नाव सारखंच आहे का तेही बघा, एकीकडे मधलं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असलं की कागद तुमच्या फाइलला जोडला जात नाही आणि कुठेतरी पडून राहतो.

शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना किमान महिनाभर आधी विचारा. ते हो म्हणाले की त्यांना एकाच मेलमध्ये सगळं द्या: तुमचा रेझ्युमे, त्यांच्याकडे कुठला विषय कधी केला, कॉलेज का बदलताय हे दोन ओळीत, आणि कॉलेजांची यादी तारखेच्या क्रमाने. प्रत्येक कॉलेजसाठी वेगळी मेल टाकत राहिलं की त्यातली एखादी हमखास राहते आणि त्यात त्यांची चूक नसते. आठवडाभर आधी एक नम्र आठवण करून द्या, त्याचं कोणालाही वाईट वाटत नाही.

कॅलेंडरवर खरी तारीख टाकूच नका, त्याच्या १० दिवस आधीची टाका आणि तीच आपली शेवटची तारीख समजा. आठवड्यातून एक तास ठरवून फक्त शीट उघडायची, सगळ्या पोर्टलला लॉगिन करायचं, रकाने भरायचे, बस. रोज रोज पोर्टल बघितलं तर नुसता जीव टांगणीला लागतो आणि अभ्यास बुडतो, आणि अभ्यास बुडून चालणार नाही कारण चालू टर्मचे ग्रेडही तिकडे जाणारच असतात. परीक्षेच्या आठवड्यात कुठलीही तारीख येत असेल तर ते काम पंधरा दिवस आधी उरका.

आणि कृपा करून आत्ताच्या कॉलेजमधून घाईने नाव काढू नका. लेखी ॲडमिशन, कुठले क्रेडिट धरले त्याची लेखी यादी आणि पैशांचा हिशोब हे तिन्ही हातात येईपर्यंत इथलं पुढच्या टर्मचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा, फक्त ते रद्द करायची आणि फी परत मिळायची शेवटची तारीखही शीटमध्ये असू दे. स्कॉलरशिप किंवा मदत आपोआप सोबत येत नाही, नव्या कॉलेजात बहुतेक वेळा नव्याने अर्ज करावा लागतो.

दोन-तीन ठिकाणी होकार आला तर वार्षिक फी समोरासमोर ठेवून तुलना करू नका. कोणी किती क्रेडिट धरले, त्यावरून किती टर्म उरल्या, आणि तेवढ्या टर्मचा एकूण खर्च किती, हा हिशोब करा. स्वस्त वाटणारं कॉलेज एक जास्तीचं वर्ष लावत असेल तर ते स्वस्त राहत नाही. डिपॉझिट भरायच्या आधी क्रेडिटची ती यादी मागा, काही ठिकाणी भरल्यानंतरच देतात, मग निदान तात्पुरता अंदाज मेलवर घ्या.

ॲडमिशन झाल्यावर शीट बंद करू नका, शेवटचं फायनल ट्रान्सस्क्रिप्ट जायचं बाकी असतं. पहिल्या टर्ममध्ये नव्या कॉलेजच्या रेकॉर्डला तुमचे जुने विषय यादीप्रमाणे चढलेत का ते दुसऱ्या टॅबशी एकेक ओळ लावून बघा, एखादा राहिला असेल तर तेव्हाच ऑफिसला सिलॅबससकट मेल करा.