डॅनिश गँबिट आणि ती फुकटची दोन प्यादी

पुण्याच्या एका बुद्धिबळाच्या रेटिंग टूर्नामेंटला सोलापूरवरून पहाटेची हुतात्मा पकडून गेलो होतो, डब्यात कडक भाकरी आन शेंगाचटणी, आणि पहिल्याच राउंडला काळ्यानं खेळून नऊ चालीत मात. समोर शाळकरी पोरगं बे! परत येताना भाकरी पण उतरंना.

डाव असा. यालाच डॅनिश गँबिट म्हणतात, पांढरा सुरुवातीलाच प्यादी फुकट देतो आणि मोहरे पटकन बाहेर काढतो. (अक्षर म्हणजे पटाचा उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी ओळ, मोहऱ्याचं नाव नसंल तर प्यादं.) ई४ ई५, डी४, मी खाल्लं. सी३, ते पण खाल्लं. उंट सी४, मी बी२ पण खाल्लं, ते मात्र त्याच्या दुसऱ्या उंटानं मारलं. मी दोन प्यादी वर, मनातल्या मनात पॉइंट लिहून टाकलेला. घोडा एफ६ ला काढला, त्यानं ई५ ढकललं, घोड्यावर आलं म्हणून मी घोडा सरळ ई४ ला टाकला, मधोमध लई भारी दिसत होता.

इथं पट मांडूनच बघा, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. त्यानं वजीर डी५ ला आणला. एका चालीत ई४ चा घोडा पण मारतोय, आणि मागं सी४ ला उंट उभा, म्हणजे एफ७ वर मात पण. मी घाईघाईत उंट बी४, शह! वाटलं वाचलो. त्यानं शांतपणे सी३ ला घोडा मधे घातला, मी तो घोड्यानं खाल्ला, वजीर एफ७, खेळ खल्लास. न खाता कॅसलिंग केलं असतं तरी ई४ चा घोडा जातच होता. चूक एकच, ई५ आल्यावर घोडा पळवला. आधी डी५ टाकून उंटावरच जायचं.

आमचे तेव्हाचे सर म्हणायचे, पंधरा चाली पाठ कर, प्रश्न विचारू नको. पाठ केलं की सोळाव्या चालीला माणूस आंधळा, हे माझं मत, पटलं तर घ्या. आणि यूट्यूबचे ट्रॅप व्हिडिओ बहुतेक पांढऱ्याच्या बाजूनं, काळ्याला काही कामाचे नाहीत.

घ्यायचंच असंल तर बी२ नंतर लगेच डी५. हा श्लेख्टरचा डिफेन्स, १९१० ला तेव्हाचा जगज्जेता लास्करशी मॅच बरोबरीत सोडवलेला तोच श्लेख्टर. उंटानं डी५ मारलं, तुम्ही घोडा एफ६, उंट एफ७ शह, राजानं खा, त्यानं वजीर मारला. कट्ट्यावर मी पहिल्यांदा हे खेळलो तर पोरं ओरडली, वजीर गेला बे! घाबरू नका, उंट बी४ शह, मागून हत्तीची नजर त्याच्या वजिरावर. त्याला वजीर डी२ ला घालावाच लागतो, मारामारी झाली की दोघांचं सामान सारखं, वजीर पटावर नाहीत आणि वजिराच्या बाजूला तुमची तीन प्यादी, त्याचं एकच.

एवढं पण नको वाटलं तर सी३ ला खाऊच नका, डी५ खेळा. तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांकानं १९२६ ला अमेरिकेत लेक होपॅटकाँगच्या टूर्नामेंटला तिथल्या मार्शलसमोर हेच केलं होतं. टूर्नामेंटला मी आता हेच खेळतो. कट्ट्यावर मात्र अजून दोन्ही प्यादी खातो, खोड जात नाही.